सोफियातील साहित्यिक व कलावंत

सोफियातील साहित्यिक व कलावंत : १८७९ मध्ये बल्गेरियन संस्थानाची राजधानी ठरली तेव्हा सोफिया हे तुर्की अंमलातून नुकतेच सुटलेले, सुमारे बारा हजार वस्तीचे गाव होते; त्यामुळे या नगरीचे बहुतेक नामांकित लेखक तेथे जन्मलेले नसून नोकरी, नेमणूक किंवा नियतकालिक यांच्या निमित्ताने येऊन स्थायिक झालेले आहेत.

राष्ट्रकवी म्हणून मान्यता पावलेला इव्हान वाझोव्ह (१८५०–१९२१) हा सोपोतचा. ‘जोखडाखाली’ ही त्याची कादंबरी त्याने ओदेसा येथे परागंदा असताना लिहिली. १८८९-९० मध्ये शिक्षणखात्याच्या संग्रहग्रंथातून ती प्रथम प्रसिद्ध झाली आणि पुढे १८९७ ते १८९९ या काळात तो त्याच खात्याचा मंत्री झाला. राष्ट्रीय रंगभूमीला, जिची वास्तू १९०७ मध्ये खुली झाली, आज त्याचेच नाव आहे.

तथापि बल्गेरियन काव्य युरोपीय विचाराशी जोडण्याचे श्रेय वाझोव्हपेक्षा ‘मिसल’ (विचार) या मासिकाच्या (१८९२–१९०७) मंडळाकडे अधिक जाते. संपादक व टीकाकार क्रस्त्यो क्रस्तेव्ह, पेन्चो स्लावेयकोव्ह, पेयो याव्होरोव्ह आणि पेत्को तोदोरोव्ह हे या मंडळाचे चार आधारस्तंभ. तारुण्यात थंडी बाधून कायमचा पंगू झालेला व लाइप्झिग येथे तत्त्वज्ञान शिकलेला स्लावेयकोव्ह (१८६६–१९१२) प्रथम राष्ट्रीय रंगभूमीचा व नंतर राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक होता. १९११ मध्ये त्याला या पदावरून बडतर्फ करण्यात आले, तो देश सोडून गेला आणि स्वीडिश अनुवादक आल्फ्रेड येन्सेन याने नोबेल पारितोषिकासाठी केलेल्या शिफारशीचा निर्णय होण्यापूर्वीच इटलीत कोमो सरोवरानजीक निवर्तला. इतक्या मोठ्या कवीला त्याच्या राजधानीने ज्या रीतीने वागविले, ती गोष्ट आजही मनाला लागते. १९२१ मध्ये त्याचे अवशेष सोफियात आणले गेले.

याव्होरोव्ह (१८७८–१९१४) हा चिर्पानचा तारमास्तर. ‘मिसल’च्या मंडळींनी त्याची प्रतिभा ओळखून त्याला राजधानीत आणविले व पुढे तो रंगभूमीच्या सेवेत रुजू झाला. नोव्हेंबर १९१३ मध्ये त्याची पत्नी लोरा गोळी लागून मृत्यू पावली. याव्होरोव्हवर संशय घेतला गेला आणि फौजदारी कारवाई झाली. या मृत्यूविषयी मतभेद असून त्यांचा निवाडा करणे येथे प्रस्तुत नाही. पत्नीपाठोपाठ प्राण देण्याच्या प्रयत्नात दृष्टी गमावलेल्या या कवीने वर्षभरात स्वतःचा अंत करून घेतला. राकोव्हस्की रस्त्यावरील त्याचे निवासस्थान आता संग्रहालय आहे.

यानंतरच्या पिढीतील गेओ मिलेव्ह (१८९५–१९२५) याने ‘सप्टेंबर’ हे काव्य १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याबद्दल खटला होऊन पुढील मे महिन्यात चौकशीसाठी नेलेला तो परतलाच नाही. सोफियानजीक पुरलेल्या त्याच्या अवशेषांची ओळख अनेक वर्षांनी, महायुद्धात गमावलेल्या डोळ्याच्या जागी बसविलेल्या काचेच्या डोळ्यावरून पटली. सोफियातच जन्मलेली एलिसावेता बाग्रियाना (१८९३–१९९१) ही येथील प्रमुख कवयित्री होय.

चित्रकला : १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी चित्रशाळेच्या संस्थापकांत इव्हान मर्कविच्का हा झेक चित्रकार होता.

संगीत : पांचो व्लादिगेरोव्ह (१८९९–१९७८) हा येथील संगीतकार होय.