वाटेवरची जाग : सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरील रात्रीचा प्रवास

लांबच्या प्रवासात डोळ्याला डोळा न लागू देणे हे आज एकट्या वाहनचालकाचे काम समजले जाते. परंतु सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील वाटांचा इतिहास पाहिला, तर ही समजूत बरीच अलीकडची असून, पूर्वी जागे राहण्याचे ओझे सोबतीची माणसे, जनावरे आणि खुद्द रस्ता यांत वाटलेले होते, असे दिसते. 1708 मध्ये सातारा ही छत्रपती शाहूंची राजधानी झाल्यानंतर पुण्याशी आणि दूरच्या छावण्यांशी जो पत्रव्यवहार चाले, तो नेणारे कासीद, म्हणजे पायी जाणारे पत्रवाहक, पुष्कळदा जोडीने पाठवले जात. एकाला काही झाले तरी पत्र पोहोचावे हा त्यामागचा हेतू उघड आहे, पण सोबत असली की झोप लांब राहते, हा लाभही त्यातच होता.

या विभागणीचे सर्वांत ठळक उदाहरण बैलगाडीचे होय. रेल्वे येण्यापूर्वी कराड भागातील माल कुंभार्ली घाटाने चिपळूण बंदराकडे उतरत असे, आणि पुढे सांगलीच्या पेठेत गूळ-हळदीची आवक वाढली तेव्हाही शेतातून पेठेपर्यंतची वाट गाडीचीच होती. उन्हाचा ताप टाळण्यासाठी गाड्या रात्री हाकल्या जात. त्या तांड्याने, म्हणजे एकामागोमाग एक लागून चालत, म्हणून पुढच्या गाडीचा गाडीवान जागा असला की मागचे घोंगडी ओढून खुशाल झोपत, कारण त्यांचे बैल पुढच्या गाडीचा माग सोडत नसत. आखाखाली टांगलेला कंदील आणि बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा यांनी समोरून येणाऱ्याला सावध करावे, अशी योजना असे. वाहन चालवणारा झोपला तरी वाहन वाटेवर राहते, ही सोय नंतर या रस्त्यांवर आलेल्या मालमोटारी-मोटारींना लाभली नाही. उसाच्या हंगामात साखर कारखान्यांकडे निघालेल्या गाड्यांवर ती अजूनही पाहायला मिळते; मात्र आता तोच संथ, अंधारातला तांडा पाठीमागून वेगाने येणाऱ्या पेंगुळल्या मोटारचालकाच्या वाटेत येतो, म्हणून गाड्यांच्या मागे तांबडे रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम दर हंगामात काढावी लागते.

मालमोटारी आल्यावर बैलांची जागा क्लीनरने घेतली. काच पुसणे, चाकाला उटी लावणे ही त्याची कामे खरी, पण रात्रभर चालकाशी बोलत राहणे हे त्याचे न लिहिलेले काम होते. दुसरा सोबती घाट होता. पुणे-बंगळूर रस्त्यावर खंडाळा आणि वेळे यांच्यामधील खंबाटकी घाट चढताना इंजिन तापे, पाणी घालण्यासाठी थांबावे लागे, आणि या सक्तीच्या विसाव्यात चहा, तंबाखूचा बार व तोंडावर पाण्याचा हबका हे सारे उरकत असे. वळणावळणावर गिअर बदलणाऱ्या हाताला झापड सहसा येत नाही. कायद्याने हा विसावा पुढे नियमात बसवला : 1939 च्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारी-बस यांच्या पगारी चालकाला सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि चोवीस तासांत नऊ तासांची मर्यादा घालून दिली, 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरवले. रात्रीच्या धंद्यात हे नियम किती पाळले गेले, याविषयी फार भाबडेपणा बाळगण्याचे कारण नाही.

सुवर्ण चतुष्कोन योजनेत पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी झाला, साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्या वाहनांसाठी खंबाटकीत बोगदा झाला, आणि वेळ वाचला. पण थांबायला भाग पाडणारे निमित्तही त्याबरोबर गेले. सरळ, एकसुरी रस्त्यावर, विशेषतः रात्री दोन ते पहाटे या शरीराच्या स्वाभाविक झोपेच्या वेळी, डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद मिटतो. ताशी 90 किलोमीटर वेगात अशा चार सेकंदांत मोटार 100 मीटर पुढे गेलेली असते. काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे हे उपाय थोड्याच वेळापुरते टिकतात. चहाचा परिणाम व्हायलाही अर्धा तास लागतो, म्हणून चहा घेऊन लगेच गाडी काढण्यापेक्षा तो पिऊन पंधरा-वीस मिनिटे गाडीतच डुलकी घेणे अधिक उपयोगी ठरते.

सक्तीचे थांबे गेल्याचा भार विशेष पडला तो खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या तालुक्यांतील गलाई व्यावसायिकांवर, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या कुटुंबांवर. गावची यात्रा, लग्न किंवा दिवाळी यांसाठी कोइंबतूरहून विट्याला यायचे म्हटले, तर सुमारे हजार किलोमीटरचे अंतर दुकान बंद करून, रात्रीच निघून, स्वतःच्या मोटारीने कापले जाते. सोबत कुटुंब असते, पण मध्यरात्रीनंतर तेही झोपलेले असते. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायासाठी केलेला 1961 चा कायदा या मालक-चालकाला कधीच लागू नव्हता, आणि स्वतःची मोटार चालवणाऱ्याने किती तासांनी थांबावे, हे ठरवणारा दुसरा कोणताही नियम नाही.