मॉरिशसची सहल आणि करारनामा

समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या धानाच्या गोंदिया जिल्ह्यातही आज मॉरिशसच्या सहलीचे बेत आखले जातात. मराठी माणूस त्या बेटावर मोठ्या संख्येने गेला तो मात्र करारनाम्यावर अंगठा उठवून. १८३४ पासून तेथील ऊसमळ्यांवर हिंदी मजूर नेले जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे लोक बरेच होते. पोर्ट लुईला (तेथील आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे) मजुरांची नावे, वय, गाव, उंची, अंगावरच्या खुणा नोंदल्या जात. त्या नोंदवह्या आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. प्रवासवर्णन शिकवताना आम्ही निसर्गाचे उतारे निवडतो; आमच्या मते, लिहिता न येणाऱ्या या प्रवाशांविषयीचा हा कोरडा मजकूरही त्याच तासाला वाचायला हवा. त्यात समुद्राचे वर्णन नाही, जहाजाचे नाव तेवढे आहे.