प्रयोगशाळेच्या दारात कोण अडलं?

महिला आणि विज्ञान हा विषय निघाला की कमला सोहोनींची गोष्ट सांगितली जाते. सांगायलाच हवी. 1933 मध्ये कमला भागवत बी.एस्सी. होऊन बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनासाठी गेल्या. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रह केला, तेव्हा प्रवेश मिळाला. पण पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि त्यांच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये ही अट! पुढे 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

त्यांचा अपमान खराच होता. पण त्यांचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. म्हणजे दार कुठे आहे हे घरात माहीत होतं. ज्या घरात दाराचा पत्ताच नव्हता, त्या घरातल्या मुलीचं काय?

त्यांच्याआधी 78 वर्षं, 1855 मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजाची मुलगी 'ज्ञानोदय'मधून धर्मव्यवस्थेला जाब विचारत होती. बुद्धी होती, प्रश्न विचारायची हिंमत होती. विज्ञानाला आणखी काय लागतं? लागतं ते कॉलेज, फी, शहरात राहायला जागा. जातीने नेमकं तेच अडवलं. म्हणूनच बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद काढलं, तेव्हा कलेबरोबर विज्ञानही ठेवलं. प्रयोगशाळा महाग पडते, तरीही.

आणि 1928 चं मुंबई कायदेमंडळ विसरू नका. कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात पगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब तिथे बोलले. आज पीएच.डी.नंतरची वर्षं आणि मूल होण्याची वर्षं एकच असतात, आणि तिथेच बायका गळतात.

आमच्या वस्तीतली एक मुलगी बारावी सायन्सनंतर आर्ट्सला गेली. कारण एकच: प्रॅक्टिकल संध्याकाळी संपायचं, शेवटची एसटी त्याआधी सुटायची.

आयआयटींनी 2018 पासून मुलींसाठी वाढीव जागा दिल्या, चांगलं झालं. पण 2019 च्या केंद्रीय शिक्षकपद आरक्षण कायद्याचं परिशिष्ट वाचा. आरक्षणातून वगळलेल्या संस्थांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्थाही आहे. या यादीवर महिला दिनाच्या एकाही व्यासपीठावर मी चर्चा ऐकलेली नाही.