शेतातून घरात : गांजाचे झाड आणि कायदा

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून गांजाविषयी बोलायचे म्हटले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, तर काहींच्या ओठांवर हसू येते. आम्हांला ह्या दोहोंचेही नवल वाटत नाही. कामगार-चळवळीत आयुष्य घालविल्यामुळे चिलीम आम्ही लांबून पाहिलेली नाही. तिच्यापायी पगाराची पाकिटे हलकी झालेलीही पाहिली, आणि तिच्या निमित्ताने गरीब माणसाची मानगूट कशी धरली जाते तेही पाहिले. आजचा आमचा प्रश्न मात्र व्यसनाचा नाही, इतिहासाचा आहे. एखादे झाड कोणी लावावे आणि कोणी लावू नये, हे सरकारने केव्हा व कसे ठरविले? आणि तेच झाड शेत सोडून घरात शिरले, तर त्या कायद्याचे काय होते?

आरंभ १८९३ पासून करू. त्या वर्षी विल्यम केन ह्या दारूबंदीवादी सभासदाने विलायतेच्या पार्लमेंटात हिंदुस्थानातील गांजाचा प्रश्न काढला, आणि सरकारला चौकशी-मंडळ नेमावे लागले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासदांत तिघे हिंदी होते. मंडळाने प्रांतोप्रांती हिंडून ११९३ साक्षी घेतल्या. गांजाने वेड लागते, हा त्या वेळचा पक्का समज. मंडळाने वेड्यांच्या इस्पितळांच्या १८९२ च्या नोंदवह्या उघडल्या. गांजा हे कारण दाखविलेली प्रकरणे २२२ होती. तपासाअंती कशीबशी ९८ टिकली. बाकीच्यांचे काय? रोग्याला आणणाऱ्या शिपायाने कारणाच्या रकान्यात 'गांजा' असे सांगितले, आणि कारकुनाने ते लिहून घेतले! रकाना रिकामा ठेवता येत नसला की गरिबाच्या नावापुढे काय लिहिले जाते, हे ज्याने कधी सरकारी कचेरीत अर्ज भरला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, सबब सरसकट बंदी नको, असा निर्वाळा मंडळाने १८९४ साली दिला. हिंदी सभासदांपैकी दोघांनी भिन्न मत नोंदविले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ह्या अहवालाची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. बंदी नको म्हणणाऱ्या ह्याच मंडळाने लागवड परवान्याखाली आणावी, ठराविक टापूत गोळा करावी आणि मालावर कर घ्यावा, अशी शिफारस केली. परसात दोन-चार झाडे लावण्याची जुनी चाल ह्या व्यवस्थेत बसत नव्हती. घरच्या झाडावर कर कसा बसणार? तेव्हा घरचे झाड प्रथम नकोसे झाले ते नीतीसाठी नव्हे, तिजोरीसाठी, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

परवान्याच्या शेतीचा नमुना बंगालात राजशाही जिल्ह्यातल्या नौगाव येथे होता. हा मुलूख आज बांगलादेशात आहे. मुंबई इलाख्यात नगरकडे, मध्य प्रांतात खांडव्याकडे अशीच लागवड होई. ह्या पिकात नर झाड वेगळे व मादी वेगळे. नराचा पराग मादीवर पडला की फुलात बी धरते आणि माल उतरतो. म्हणून नौगावात नर झाडे ओळखून उपटणारे जाणकार शेतोशेत फिरत. त्यांना पोद्दार किंवा पारखदार म्हणत. वनस्पतिशास्त्राचे पुस्तक न वाचलेला हा माणूस कळी उमलण्यापूर्वी झाडाचे लिंग सांगे, आणि साऱ्या पिकाची किंमत त्याच्या नजरेवर ठरे. महसुलाचे आकडे अहवालांत पानोपानी सापडतात. ह्या कारागिरांची नावे मात्र शोधूनही मिळत नाहीत.

आता झाडाकडे वळू. गांजाच्या नेहमीच्या जाती शेवंतीसारख्या वागतात. दिवस लहान व रात्री मोठ्या होऊ लागल्या म्हणजे त्या फुलावर येतात. झाडे दिवसाची लांबी ओळखतात, हे अमेरिकेच्या शेतकी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलर्ड ह्यांनी तंबाखू व सोयाबीन अंधारात ठेवून १९२० साली दाखवून दिले. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा की, गांजाचे झाड महिनोन्‌महिने उघड्यावर, पुरुषभर उंचीने उभे राही. फौजदाराला ते लांबून दिसे. परवाना, मोजणी, जप्ती ही सारी यंत्रणा ह्या दिसण्यावरच उभी होती.

पण १९२४ साली रशियात यानिशेव्स्की ह्या शास्त्रज्ञाने व्होल्गाकाठच्या सारातोव्ह भागातील रानटी गांजाचे वर्णन केले आणि त्याला 'रुडेरालिस', म्हणजे उकिरड्या-पडीक जागी वाढणारा, असे नाव दिले. उत्तरेकडचा उन्हाळा तोकडा. रात्री मोठ्या होण्याची वाट पाहत बसले, तर हिमाने बी धरण्याआधीच मरण. म्हणून हे बुटके झाड दिवसाची लांबी न पाहता, वयात आले की फुलते. नशा त्यात नावापुरती. त्यामुळे बरीच वर्षे त्याची कोणाला मातब्बरी वाटली नाही. पुढे बी-पैदास करणाऱ्यांनी त्याचा संकर नशेच्या जातींशी केला, आणि चालू शतकाच्या आरंभी आपोआप फुलणाऱ्या जाती बाजारात आल्या. झाड गुडघा-कमरेएवढे, आयुष्य दोन-तीन महिन्यांचे, ऊन नसले तर दिव्याचा उजेडही चालतो. पारखदाराची कला, शेत आणि ऋतू ह्या तिन्हींची गरज कमी झाली, आणि झाड खोलीत आले.

इकडे कायद्याची गाडी उलट दिशेने गेली होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आपल्याकडे १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलाचा शेंडा. नुसते पान व बी त्यातून वगळले, म्हणून भांग वाचली. पण बिनपरवाना झाड लावणे हा गुन्हाच, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व लाख रुपयांपर्यंत दंड. त्या कलमात एक कुंडी आणि एक एकर असा भेद नाही. अन्यत्र मात्र पाने उलटली आहेत. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये घरच्या मोजक्या झाडांना मुभा दिली. दक्षिण आफ्रिकेच्या घटना-न्यायालयाने २०१८ मध्ये खासगी जीवनाच्या हक्काखाली तोच निकाल दिला. जर्मनीने २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडांची परवानगी दिली.

आपणही तसेच करावे, असे आम्ही म्हणत नाही. कोवळ्या वयात कडक गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे आजचे वैद्यक सांगते, आणि ते डोळ्याआड करता येणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, कायदा सर्वांना सारखा असला तरी भिंती सर्वांना सारख्या नसतात. बंगल्यातल्या बंद खोलीत दिव्याखाली फुललेले झाड कोणाला दिसत नाही. चाळीच्या गॅलरीतली कुंडी आणि झोपडीमागचा डबा मात्र साऱ्या वस्तीला दिसतो. झाड जितके बुटके आणि घरकोंबडे होईल, तितका हा कायदा उघड्यावर राहणाऱ्यावरच येऊन पडेल.

१८९३ च्या परक्या सरकारला महसुलाची काळजी होती, हे खरे. तरी त्याने ठरविण्यापूर्वी अकराशेहून अधिक माणसांना विचारले, आणि नोंदवहीतले खोटे कारण खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा दाखविला. आपल्या स्वतःच्या राज्यात एक कुंडी आणि एक शेत ह्यांत फरक करावा की नाही, ह्याची तशी उघड चौकशी का होऊ नये? तीत डॉक्टर व पोलीस यावेत. त्यांच्याबरोबर व्यसनापायी पोळलेल्या घरची बाईही साक्षीला यावी, आणि कुंडीपायी तुरुंगात गेलेला मजूरही यावा. निकाल काय लागेल तो लागो. रकाना मात्र आता चौकशीनंतरच भरला जावा.