घोड्याच्या पायांखालची भूमि

मांजरसुंबा हें बालाघाटाच्या माथ्यावरचें आमचें गांव. बीडहून घाट चढून आलें कीं सोलापूरकडे, अंबाजोगाईकडे व पाटोद्याकडे अशा वाटा येथून फुटतात. आज ह्या वाटांवर मोटारींची रीघ असते. पण गेलीं कित्येक शतकें ह्या मुलखांतून जें दळ गेलें तें घोड्यांच्या पाठीवरून. त्या घोड्यांविषयीं एक साधा प्रश्न मला गेल्या वर्षीं विचारण्यांत आला, आणि पस्तीस वर्षें इतिहास शिकवूनही त्याचें उत्तर मला देतां येईना.

घडलें तें असें. आमच्या एका शेजाऱ्यानें मार्गशीर्षांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंतून घोडी आणिली. लग्नसराईंत वरातीस नेऊन चार पैसे मिळवावे, हा हेतु. हौसेनें त्यानें तिच्या ठाणावर गुळगुळीत शहाबादी फरशी घातली. महिना लोटतो न लोटतो तोंच घोडी रात्रीं बसेनाशी झाली आणि तिच्या गुडघ्यांवर जखमा दिसूं लागल्या. तो मजकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, आपल्या लोकांनीं एवढीं घोडीं पाळलीं, तीं उभीं कशावर करीत? मी रबराची चटई आणूं, कीं फरशीच उखडूं?"

मी पुस्तकें काढून बसलों. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक घोड्याचें ठाण त्याच्या लांबीइतकें चौरस असावें, तें पूर्वेस वा उत्तरेस तोंड करून असावें, खालीं गुळगुळीत फळ्या असाव्या आणि मलमूत्र निघून जाण्याची सोय असावी, असें सांगितलें आहे. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत ग्रीस देशच्या झेनोफननें अश्वविद्येवर पुस्तक लिहिलें. त्याच्या मतें ओली आणि गुळगुळीत भूमि चांगल्या खुरांचाही नाश करिते; म्हणून तबेल्यास उतार द्यावा व खुराएवढे दगड खालीं बसवावे. एकानें लांकूड सांगितलें, दुसऱ्यानें दगड. परंतु पाणी मुरूं वा सांचूं देऊं नये, ह्याविषयीं दोघांचें एकमत आहे.

आतां आपल्या घरीं येऊं. मराठ्यांचा घोडा स्वारींत असतां त्याला छप्पर कोठलें? आगाडी-पिछाडी बांधून तो उघड्यावर उभा राही. पावसाळ्यांत मात्र फौज छावणीस जाई आणि दसऱ्यास पुन्हां बाहेर पडे. शिवछत्रपतींनीं चिपळुणाकडील पागेच्या अंमलदारांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याकरितां सांठविलेली वैरण जपून वापरा, गवताजवळ विस्तव नेऊं नका, उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल व गंजी जळतील, अशी बारीकसारीक ताकीद राजानें स्वतः द्यावी, ह्यांतच सर्व आलें. पावसाळ्यांत कोरडें गवत म्हणजे घोड्याचा जीव.

ह्या जिल्ह्यांतील राक्षसभुवनाची लढाई १० ऑगस्ट १७६३ रोजीं, भर पावसाळ्यांत झाली. गोदावरी दुथडी भरलेली. निजामअलीचें सैन्य दोहों तीरांवर विभागलें गेलें आणि मागें राहिलेल्या विठ्ठल सुंदरावर पेशव्यांच्या फौजेनें झडप घातली. शाळेंत आम्हीं तह व तारखा शिकविल्या. चिखलांत रात्रंदिवस उभ्या राहिलेल्या त्या जनावरांचा विचार मात्र मनाला शिवला नाहीं. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. तो लंगडा झाला कीं शिलेदाराची भाकरीच गेली. माझ्या शेजाऱ्याची स्थिति त्याहून कांहीं निराळी नव्हती.

घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो. गाढ झोपेसाठीं मात्र त्यास आडवें व्हावें लागतें. उठतांना तो पुढचे पाय रोवून अंग उचलतो. भूमि निसरडी असली तर त्याचा विश्वास उडतो व तो बसण्याचें टाळतो. असें बरेच दिवस चाललें म्हणजे झोपेनें व्याकुळ होऊन तो उभा असतांच गुडघ्यांवर कोसळतो. गुडघ्यांच्या जखमांचें मूळ येथें होतें. माथेरानच्या वाटांवर ठोकळे बसविण्यास तेथील अश्वपालांनीं अलीकडे हरकत घेतली, तीही घोडीं घसरतात म्हणूनच.

मग उपाय कोणता? काळी माती उपयोगी नाहीं. ती पावसांत चिकटते व उन्हाळ्यांत भेगाळते. आमच्या डोंगराचा मुरूम पाणी टाकून चोपला कीं घट्ट बसतो आणि निसरडाही होत नाहीं. त्यास मोरीकडे थोडा उतार द्यावा. वर पाऊण इंच जाडीची, खरबरीत पाठीची रबरी चटई अंथरली तर उत्तमच. तिनें सांध्यांस आधार मिळतो व गवताचा खर्च कमी होतो. परंतु सांध्यांच्या फटींतून मूत्र खालीं उतरतें, त्याचा उग्र वायु जनावराच्या छातीस बाधतो व ओलीनें खूर सडतो. म्हणून चटई वेळोवेळीं उचलून खालची भूमि धुवावी व वाळवावी. आणि वर थोडें कोरडें गवत असावेंच. चटई आणली म्हणून मोतद्दाराचें काम संपत नाहीं.

शेजाऱ्यानें फरशी उखडली, मुरूम भरला आणि निम्म्या ठाणावर चटई घातली. आठव्या दिवशीं पहाटे त्यानें मला हांक मारून नेलें. घोडी चारी पाय पसरून गवतावर निजली होती. आम्ही दोघे दाराशीं न बोलतां उभे राहिलों, आणि तिची झोप न मोडतां परत फिरलों.