पुराव्याची जपणूक

२१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. त्याच स्फोटात मरण पावलेल्या एका छायाचित्रकाराचा कॅमेरा मात्र शाबूत राहिला. आतला रोल धुतल्यावर सलवार-कमीज घातलेली, चंदनाचा हार घेऊन उभी असलेली एक तरुणी दिसली. तिकडे तामिळनाडूच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. पी. चंद्रशेखरन कापडाच्या जळक्या चिंध्या, वायरींचे तुकडे, छर्रे असं सगळं पुढ्यात घेऊन जुळवत बसले होते. बॉम्ब एका बाईने पट्ट्यासारखा अंगावर बांधला होता, हे त्या जुळणीतून उलगडलं. फोटो आणि चिंध्या एकाच व्यक्तीपाशी येऊन थांबल्या, आणि तपासाचा धागा एलटीटीईपर्यंत गेला.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी आधी हाच प्रसंग सांगतो. कुणीतरी वाकून त्या चिंध्या वेचल्या नसत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बोटांच्या ठशांचं पद्धतशीर वर्गीकरण आपल्याच देशात आकाराला आलं. कोलकात्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी त्याचं गणित बसवलं. नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं लागलं. ही रुखरुख मला आजही आहे. डीएनएची गोष्ट इंग्लंडातली. १९८० च्या दशकात लेस्टरजवळ दोन मुलींचे खून झाले आणि एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यांतल्या एकाची कबुलीही दिली. अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या तपासणीने आधी तो मुलगा निर्दोष ठरवला; खरा गुन्हेगार नंतर सापडला. सशस्त्र बंडाळीच्या मुलखात तर हे फार मोलाचं आहे. तिथे संशय अख्ख्या गावावर येतो. नेमका पुरावा हाती असला, तर ज्याचा दोष त्याच्यापुरताच तो राहतो आणि बाकीचं गाव सुटतं.

पण पुरावा नाजूक असतो. रक्ताने भिजलेला सदरा घाईघाईत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, तर आत दमटपणा धरतो, बुरशी येते आणि डीएनए नासतो. तोच सावलीत वाळवून कागदी पाकिटात घातला, सील केला, पंचांच्या सह्या घेतल्या, मुद्देमालाच्या नोंदवहीत वेळेसह चढवला, तर न्यायालयात टिकतो. पाकीट कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं, ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी बचावाचे वकील नेमके तिथेच बोट ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. ती राबवायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तरी तिथे आधी पोहोचतो तो ठाण्याचा हवालदारच. म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण प्रयोगशाळेवर नाही, पंचनाम्यावर आहे.