मुरुम स्वस्त आहे, हे कशावरून?



पुण्यात पीएच.डी. करताना महिन्याअखेरीस खोलीभाडं, मेस आणि पेट्रोलचा हिशेब मांडला की माझ्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं: "आमच्या मुरुमला याच्या निम्म्यात भागतं." हेच वाक्य एकदा मी माझ्या गाइड मॅडमसमोर बोलले. त्यांनी एवढंच विचारलं, "कशावरून?"

मी सांख्यिकीत एम.एस्सी. केलेलं. तरी माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी इतिहासात शिरले. वाटेत जे शिकले ते संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्या कामाला येईल, म्हणून लिहितेय.

आकडा कुणासाठी जन्मला?

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत महागाई भडकली. १९१९ आणि १९२० च्या जानेवारीत गिरणी कामगारांचे मोठे संप झाले. पगार किती वाढवायचा हे ठरवायला सरकारला आकडा हवा होता. १९२१ मध्ये मुंबई सरकारचं लेबर ऑफिस सुरू झालं. फिंडले शिरास यांच्या हाताखाली कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी झाली आणि तिचा अहवाल १९२३ मध्ये आला. राहणीखर्चाच्या निर्देशांकासाठी जुलै १९१४ ची पातळी १०० धरलेली होती. पुढं त्याच दशकात सोलापूरच्या गिरणी कामगारांचीही अशीच पाहणी झाली.

म्हणजे बघा, हा आकडा गिरणी कामगारांच्या पगाराच्या भांडणातून आला. त्यात मुरुम कुठंच नव्हतं. गिरणी नाही, संप नाही, मग मोजणार कशाला? शिवाय मुरुम तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतंच, ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं.

आजही फार फरक नाही. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकासाठी आपल्याला सर्वांत जवळचं केंद्र सोलापूर. सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत देशभरातल्या ३१० शहरांतले १,११४ बाजार आणि १,१८१ गावं होती, पण आकडे जाहीर व्हायचे ते राज्य आणि देश पातळीवर. 'मुरुमचा निर्देशांक' नावाची गोष्ट तुम्हाला मिळणार नाही.

इथं एक चूक टाळा. समजा एका शहराचा निर्देशांक १४० आहे आणि दुसऱ्याचा १३५. म्हणून पहिलं शहर महाग, असं म्हणता येत नाही. निर्देशांक सांगतो की त्याच ठिकाणी पायाभूत वर्षापासून भाव किती वाढले. दोन गावांतलं स्वस्त-महाग तो सांगत नाही. ही चूक मी स्वतः एका सेमिनारमध्ये केली होती. तुम्ही करू नका.

हाली आणि कलदार

मग मी म्हटलं, जुने बाजारभाव घेऊन मुरुम आणि सोलापूरची थेट तुलना करू. अंतर फार नाही. पण मध्ये सरहद्द होती आणि सरहद्दीच्या अलीकडं रुपयाच वेगळा होता. हैदराबाद संस्थानचा तो हाली शिक्का, इंग्रजांचा तो कलदार. दर साधारण असा: ११६ रुपये १० आणे ८ पै हाली म्हणजे १०० रुपये कलदार. सोपं करून सांगायचं तर ७ हाली म्हणजे ६ कलदार.

आता समजा, एखाद्या जुन्या वहीत मुरुमची ज्वारी ७ रुपये आणि सोलापूरची तेवढीच ज्वारी ६ रुपये दिसली. घाईत तुम्ही लिहाल, "मुरुम १६-१७ टक्के महाग." खरं तर भाव एकच आहे! त्यात मण आणि शेरही सगळीकडं सारखे नव्हते. जुना आकडा हाती आला की आधी विचारा: कुठला रुपया, कुठलं माप?

स्वस्त घराची किंमत

यापुढची गोष्ट मात्र आकड्यांपुरती नाही.

आमच्या भागातलं जुनं घर म्हणजे माळवद. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. दगड-माती जवळची, मजुरी घरची. उन्हाळ्यात आत गारवा. खर्च कमी आणि राहणीमान चांगलं, याचं याहून नेटकं उदाहरण मिळणार नाही, असं मला वाटायचं. गळती लागली की पावसाळ्याआधी माळवदावर आणखी माती टाकायची. हा सगळ्यांत स्वस्त उपाय. वर्षानुवर्षं असा थर वाढत गेला, छत जड होत गेलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सर्वांत जास्त मार बसला तो औसा आणि आपल्या उमरगा तालुक्याला. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक झोपेत, स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली.

माझा जन्म त्यानंतरचा. पण आजी आजही पावसाळा सोडला तर अंगणातच बाज टाकते. "आत जीव घाबरतो गं," म्हणते. पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. लोकांनी पत्रा घातला, स्लॅब टाकला. खर्च वाढला, उन्हाळ्यात घर तापायला लागलं, पण झोप लागायला लागली.

हे कुठल्या निर्देशांकात बसवाल? वर सांगितलेल्या २०१२ च्या मालिकेत ग्रामीण भागासाठी 'घर' हा गटच नव्हता. त्या टोपलीपुरतं बोलायचं तर माळवद पडलं काय आणि उभं राहिलं काय, फरक शून्य.

मग राहणीमान मोजायचं कसं?

एक वेगळा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९८४ मध्ये अहवाल आला. समितीनं भाव न बघता रस्ते, सिंचन, आरोग्य, पाणी अशा सोयी बघितल्या. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जेवढा मागं, तेवढा त्याचा अनुशेष. एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८६ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा वाटा जवळपास एक चतुर्थांश. २०१८ मध्ये केंद्रानं आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा राज्यातल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होताच.

ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण नसलेली गोष्ट ती मोजते. पण तिचंही एकक जिल्हा. मुरुम पुन्हा सरासरीत विरघळलं.

मुरुममध्ये भाडं कमी आहे, भाजी ताजी आहे, ओळखीवर उधार मिळतं, हे खरंच. पण मोठा आजार निघाला की सोलापूर गाठावं लागतं. त्या दिवसाची बुडालेली मजुरी, गाडीभाडं, दवाखान्याबाहेर काढलेली रात्र कुठल्या रकान्यात लिहिणार? सोय गावात नाही म्हणून तिचा खर्च दिसत नाही, आणि आपण म्हणतो, गाव स्वस्त आहे.

म्हणून संशोधनाला बसण्याआधी एक छोटं काम करा. आपल्या गावातली पाच घरं निवडा. वर्षभराचा खर्च विचारा, आणि शेजारी दुसरा रकाना आखा: "पैसे नव्हते किंवा सोय नव्हती म्हणून काय केलं नाही?" मी आमच्या घरापासून सुरुवात केली. पहिला रकाना अर्ध्या तासात भरला. दुसरा भरायला आई आणि आजीसोबत अख्खी संध्याकाळ गेली.

मॅडमना आता मी एवढंच सांगते: मुरुम स्वस्त आहे की नाही, हे दुसरा रकाना भरल्याशिवाय बोलणार नाही.